वारसाहक्काचे पिस्तूल

बापाकडून मुलाकडे काय यावे याला काही धरबंध नाही. आमच्या शेजाऱ्यांना त्यांच्या वडिलांकडून दमा आला आणि तीन भाडेकरू आले. माझ्या एका मित्राला दिवाणी दावा आला. तो त्याने जपला, वाढवला आणि आता मुलाच्या गळ्यात बांधण्याच्या खटपटीत आहे. मला पिस्तूल आले.

खरे म्हणजे ते पिस्तूल नव्हे, रिव्हॉल्व्हर. सहा घरांचे चक्र असते आणि चाप ओढला की ते एक घर पुढे सरकते, ते रिव्हॉल्व्हर. पिस्तुलाची काडतुसे मुठीतल्या खोक्यात बसतात. हा फरक मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळला. तोवर आमच्या घरात, भावकीत आणि पंचक्रोशीत ते 'आबांचं पिस्तूल'च होते, आणि आता एकदम रिव्हॉल्व्हर म्हणू लागलो तर ते कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे वाटेल. तेव्हा मी पिस्तूलच म्हणणार. जाणकारांनी मनातल्या मनात दुरुस्ती करून घ्यावी.

आबा म्हणजे माझे वडील. आमचे गाव खटाव तालुक्यात, पुसेगावच्या अंगाला. त्या भागात बटाटा चांगला होतो. आबा बटाट्याचा आणि कांद्याचा व्यापार करत. बाजाराच्या दिवशी कमरेच्या कशात रोकड बांधून अंधारातून सायकलवर घरी यायचे. वाटेत दोघा व्यापाऱ्यांना कुणी लुटले तेव्हा आबांनी अर्ज केला. १९६६ साली परवाना हातात पडला आणि आबा पुण्याला जाऊन एक वापरलेले विलायती पिस्तूल घेऊन आले. नवे घेण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या घरात नवे असे फक्त पंचांग यायचे.

ते पॉइंट बत्तीसचे होते. नळीच्या मागचा खटका दाबला की कमरेत मोडायचे, म्हणजे नळी आणि चक्र खाली झुकायचे आणि सहा भोके आपल्याकडे बघायची. आबा दर रविवारी ते बाहेर काढून मऊ फडक्याने पुसत. पुसताना कुणी बोलायचे नाही. हात लावणे तर सोडाच, आम्ही पोरे त्याच्याकडे देवळातल्या मूर्तीकडे बघावे तसे चौकटीबाहेरून बघायचो. वर्षातून एकदा मात्र आईला त्याला हात लावायची मुभा असे, ती खंडेनवमीला. नांगराचा फाळ, विळे, कोयता, तागडी, वजने, आबांची सायकल यांच्या रांगेत पिस्तूल बसायचे. मला आठवते तो देखावा असा : पाटासमोर आबा दोन्ही हातांत पिस्तूल मोडून धरून बसलेत आणि आई त्याच्यावर तेलाचे बोट, हळद, कुंकू आणि अक्षता वाहते आहे. मला वाटायचे, पिस्तुलाची पूजा अशीच उघडून करत असतील. शास्त्रच असेल तसे.

या पिस्तुलाने उभ्या आयुष्यात एकच पराक्रम केला आणि तोही न उडता. १९७२ चा पाऊस गेला आणि १९७३ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे प्यायला पाणी नव्हते. लोक खडी फोडायला दुष्काळी कामावर जात होते, तांबडा मिलो खात होते. आमची आणि आमच्या चुलत्यांची, म्हणजे तात्यांची, विहीर सामाईक. पाण्याच्या पाळीवरून दोन घरांत आधीच बोलणे बंद होते. मी तेव्हा साताऱ्याला वसतिगृहावर राहून कॉलेज करत होतो, त्यामुळे पुढचे ऐकीव. एके दुपारी तात्यांनी आबांच्या पाळीत विहिरीवर पोहरा सोडला. आबा घरात आले, पिस्तूल घेतले आणि अनवाणी विहिरीवर गेले. दहा पावलांवरून त्यांनी तात्यांवर ते रोखले. तात्याही आमच्याच घराण्यातले, छाती काढून उभे राहिले. सगळा मळा श्वास धरून बघत होता. मग आबांनी हात खाली केला, "भाऊ आहेस म्हणून सोडतो," असे म्हणाले आणि माघारी वळले.

ही गोष्ट आमच्या गावात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिच्यापुढे रामाने भरताला पादुका दिल्या तो प्रसंग फिका पडावा. भावकीची भांडणे मिटवायला बसलेले लोक आबांचा दाखला द्यायचे. हातात पिस्तूल असून भावाला सोडला! आणि परिणाम म्हणाल तर तात्या दुसऱ्या दिवशी आपण होऊन घरी आले, पाळ्या नव्याने ठरल्या आणि दोन घरांतले दार जे उघडले ते आजतागायत उघडे आहे. आबांसमोर कुणी हा विषय काढला की ते घसा खाकरून म्हणायचे, "चहा टाका जरा." थोर माणसांना स्तुती सोसत नाही, असे आम्ही समजायचो.

आबा २०१४ साली गेले. परवाना माणसाबरोबर संपतो, पिस्तूल संपत नाही. ते कायद्याप्रमाणे ठाण्यात जमा झाले. तसे त्याला ठाणे नवे नव्हते. निवडणुका आल्या की परवान्याची हत्यारे जमा करायला लावतात. त्यामुळे आमचे पिस्तूल अधूनमधून माहेरी गेल्यासारखे ठाण्यात जाऊन यायचे. पण या खेपेला ते परत येईना आणि आईचे एकच टुमणे सुरू झाले, "त्यांची वस्तू तिथं पडलीय."

मी पुण्यात राहतो. बँकेतून निवृत्त झालेलो आहे. माझ्या हातून आजवर जो काही हिंसाचार झाला तो खातेदारांच्या अर्जांवर शिक्के मारण्यापुरता. पण आईपुढे काय चालणार? २०१६ साली शस्त्रांचे नवे नियम आले, त्यांत वारसाने अर्ज करण्याची सोय आहे. मी अर्ज केला. आईची ना-हरकत, बहिणीची ना-हरकत, मृत्यूचा दाखला, माझ्या सुस्वभावाची चौकशी. चौकशीला आलेल्या हवालदारांनी शेजाऱ्यांना विचारले, "यांचा स्वभाव रागीट आहे का?" शेजारी म्हणाले, "यांना स्वभावच नाही." एवढ्यावर काम झाले.

नव्या नियमांप्रमाणे हत्यार हाताळण्याचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. वर्गात माझ्याखेरीज सगळे तिशीतले, गळ्यात साखळ्या असलेले तरुण होते. मी आपला छत्री आणि डबा घेऊन गेलो. शिकवणारे गृहस्थ सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांनी तीन गोष्टी घोटून घेतल्या. हत्यार रिकामे आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितले तरी ते भरलेले आहे असेच समजायचे. नळीचे तोंड कुणाकडे करायचे नाही. आणि बोट चापावर ठेवायचे नाही. मी हे सगळे इतके मनावर घेतले की पुढे आठवडाभर दूरदर्शनचा रिमोटसुद्धा बायकोकडे तोंड करून धरत नव्हतो.

शेवटी २०१७ च्या भाद्रपदात परवाना आला. मी पिस्तूल आणि सहा काडतुसे ठाण्यातून सोडवून पुण्याला आणली. "माझ्या साड्यांच्या कपाटात नाही," हे बायकोने दारातच सांगितले. मी लोखंडी कपाटाचा आतला कप्पा मोकळा केला, काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवली आणि मग शिकवल्याप्रमाणे पिस्तूल कमरेत मोडले. सहाही भोकांतून उजेड बघितला. मिटले. तोंड जाडजूड बाहेरच्या भिंतीकडे केले, बायकोला स्वयंपाकघरात पाठवले आणि आयुष्यात पहिल्यांदा वडिलांच्या पिस्तुलाचा चाप ओढला.

चाप हरभऱ्याच्या दाण्याएवढा मागे आला आणि थांबला.

घोडा जागचा हलला नाही. चक्र फिरले नाही. मी बोट बदलले. मग दोन बोटे लावली. मग प्रशिक्षणात न शिकवलेल्या कित्येक मुद्रा करून पाहिल्या. चक्र नुसत्या हाताने फिरवू गेलो तर तेही जेमतेम केसभर हलून करकचायचे. स्वयंपाकघरातून आवाज आला, "झाला का बार?"

आता खरे तर तेव्हाच दुकान गाठायचे. पण मराठी माणूस नादुरुस्त वस्तू घेऊन थेट कारागिराकडे जात नाही. आधी ती स्वतः पूर्ण बिघडवल्याशिवाय त्याच्या मनाला शांती मिळत नाही. माझ्या बायकोने शिवणयंत्राच्या तेलाची बुधली आणली. तीन थेंब फटीत सोडले. ते तीन थेंब थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने बाहेर आले आणि तिने विणलेल्या टेबलक्लॉथवर जाऊन बसले. पिस्तुलाने तोंडातून चकार शब्द काढला नाही.

मग मेहुण्यांना फोन केला, कारण त्यांना सगळ्यातले कळते. ते म्हणाले, "आडवं करून बघितलंत का?" मेहुण्यांच्या हयातीतली सगळी यंत्रविद्या त्यांच्या जुन्या स्कूटरपासून सुरू होऊन तिथेच संपते. स्कूटर सुरू झाली नाही की ती आडवी करायची, उभी करायची, किक मारायची. मी पिस्तूल आडवे केले. उभे केले. किक कुठे मारायची ते त्यांनाही सांगता येईना.

शेजारचे भाडेकरूवाले टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आहेत. ते आपणहून आले. "जगात तीनच बिघाड असतात," ते म्हणाले. "गंज, कचरा आणि लूज कनेक्शन."

"पिस्तुलात कनेक्शन कुठलं?"

"म्हणजे दोनच उरले. तेहतीस टक्के काम झालंच तुमचं!"

आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून मुठीवरच्या एका स्क्रूला लावला. स्क्रू हलला नाही, त्याची खाच मात्र रुंद झाली. त्या आवाजाने मला सुभेदारसाहेबांचे शब्द आठवले. हत्यार दुरुस्त करायलाही परवाना लागतो, भलत्याने त्यात हात घालायचा नाही. मी पिस्तूल त्यांच्या पुढ्यातून ओढून घेतले. ते जाताना म्हणाले, "गंज नाही. मी सांगतो, कचरा आहे." आज त्यांना दमा असताना मी हे लिहितो आहे म्हणून नव्हे, पण त्यांचे निदान बरोबर निघाले हे नमूद केलेच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पिस्तूल फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून, डबा पिशवीत घालून मी निघालो. "येताना त्याच पिशवीतनं मेथी आणा," बायको म्हणाली. परवाना वरच्या खिशात होता. दर दोन मिनिटांनी मी तो चाचपत होतो, त्यामुळे छातीत दुखत असल्यासारखा दिसत असणार. रिक्षावाल्याने विचारले, "दवाखान्यात का काका?" मी बंदूकवाल्याच्या दुकानाचा पत्ता सांगितला. त्याने आरशातून बघितले. "काय घ्यायचंय?" "नाही, दुरुस्तीला न्यायचंय," मी पिशवीकडे बोट दाखवले. त्यानंतर तो एक शब्द बोलला नाही, एकही सिग्नल त्याने मोडला नाही आणि उतरताना त्याने मला मीटरप्रमाणे सुटे तीन रुपये मोजून परत दिले. पुण्यात इतक्या वर्षांत असा अनुभव मला पुन्हा आलेला नाही.

दुकानातले गृहस्थ पंचाहत्तरीचे. डोळ्याला घड्याळजीसारखे भिंग. त्यांनी पिस्तूल हातात घेताच आधी मोडले, सहा भोके बघितली, मग प्रत्येक भोकात करंगळीचे टोक घालून खात्री केली. मी म्हणालो, "रिकामंच आहे." ते म्हणाले, "सगळे तसंच म्हणतात." मग त्यांनी ती रुंदावलेली खाच बघितली आणि भिंगातून माझ्याकडे बघितले. मी शेजाऱ्याचे नाव सांगितले नाही. काही गोष्टी पुरुषाने आपल्या अंगावर घ्यायच्या असतात.

"आमचा स्क्रू-ड्रायव्हर बघा," ते म्हणाले. "तुमच्या घरातल्याचं पातं पाचरीसारखं निमुळतं असतं, खाचेच्या काठालाच धरतं. याचं पातं सरळ असतं, तळापर्यंत बसतं." सरळ पात्याने तो स्क्रू लोण्यातून काढल्यासारखा आला.

त्यानंतर जे झाले ते मी स्टुलावर बसून तासभर बघितले आणि मला आयुष्यात प्रथमच आबांच्या पिस्तुलाचे आतडे-कोथळे दिसले. एवढीशी वस्तू, पण आत काय नाजूक संसार! चाप ओढला की एक नखाएवढी पट्टी वर सरकते आणि चक्राच्या पाठीवरच्या दात्याला ढकलते, की चक्र एक घर फिरते. त्याच वेळी घोडा मागे जातो. चक्र बरोबर जागी आले की खालून एक खुंटी वर येऊन त्याला धरते आणि मग घोडा सुटून आपटतो. हे सगळे एका बोटाच्या ओढीत. त्यामुळे चक्र अडले की पट्टी अडते, पट्टी अडली की चाप अडतो, चाप अडला की घोडा उठत नाही. आमच्या बँकेत एका टेबलाची फाईल अडली की असेच व्हायचे, फक्त तिथे शेवटी काही आपटत नसे.

"चक्र का अडतंय, तेवढंच बघायचं," ते म्हणाले आणि त्यांनी चक्राच्या मागच्या तोंडावर बोट ठेवले. तिथे चांदणीच्या आकाराची एक पोलादी चकती असते. पिस्तूल मोडले की ती वर उचलली जाते आणि वापरलेल्या काडतुसांची टरफले बाहेर काढते, मिटले की खाली आपल्या खोबणीत बसते. ढकलायचे दाते हिच्याच पाठीवर असतात. "ही बघा, बसलेली नाही. केसभर वर आहे. मिटलं की मागच्या भिंतीला घासते. फिरणार कशी?"

त्यांनी चांदणी वर उचलून धरली, टोकदार काडीने तिच्या खालून काहीतरी खरवडले आणि पांढऱ्या कागदावर ठेवले. लालसर-पिवळी, लाखेसारखी कडक खपली. त्यांनी ती काडीने फोडली. आत अर्धा तांदूळ होता.

मी त्या तांदळाकडे बघत राहिलो.

"पूजा करता का याची?"

"आई करायची. खंडेनवमीला."

"तेल कुठलं?"

"घाण्यावरचं. करडईचं. आमच्याकडे तेच असतं."

ते पहिल्यांदा हसले. "अहो, करडईचं तेल सुकून पापुद्रा धरतं. रंगात घालतात ते! खोबरेल असतं तर थंडीत गोठलं असतं आणि उन्हाळ्यात सुटलं असतं. यंत्राला यंत्राचं तेल. तुमच्या मातोश्रींनी दर वर्षी आत वार्निशचा एक हात दिलाय, वर हळद-कुंकू आणि अक्षता. थर मोजता येतील, झाडाच्या वयासारखे."

त्यांनी सगळे भाग रॉकेलमध्ये टाकले आणि बारीक कुंचल्याने धुवायला घेतले. मी हलका झालो होतो. घरी जाऊन काय काय सांगायचे, मेहुण्यांना काय ऐकवायचे, शेजाऱ्यांची माफी कशी मागायची याची मनात जुळवाजुळव चालली होती. तेवढ्यात ते थांबले. ती नखाएवढी पट्टी त्यांनी भिंगाखाली धरली.

"हे कुणीतरी फार जोर लावून ओढलेलं आहे."

"मीच. काल. दोन बोटांनी."

"तुमचं नव्हे. तुमचा ओरखडा हा बघा, इथं वर. चकाकतोय. मी सांगतोय तो खालचा." त्यांनी पट्टी माझ्या डोळ्यापुढे धरली. टोक एका बाजूला दबून मुरडले होते, आणि त्या मुरडीवर तोच तपकिरी पापुद्रा चढला होता. "आधी दबलंय, मग वर तेल सुकलंय. खूप जुनं आहे. कुणीतरी चक्र अडलेलं असताना, सगळा जीव एकवटून, चाप ओढलाय. एकदा नाही. दात्यावर दोन खुणा आहेत."

मी काही बोललो नाही.

"वडील वापरायचे?"

"दर रविवारी पुसायचे."

"मग त्यांना ठाऊक असणार," ते सहज म्हणाले आणि पट्टीचे टोक कानशीने साफ करायला लागले. "पुसताना चक्र हाताला लागतंच. इतकी वर्षं बिघडलेलं होतं, तुमच्याकडे सोय होती, तरी कसं नाही आणलं? स्प्रिंग तर अजून उत्तम आहे. नळी आरशासारखी."

संध्याकाळी पिस्तूल तयार झाले. त्यांनी रिकामे पिस्तूल माझ्या हातात दिले. मी चाप ओढला. चक्र पाण्यासारखे फिरले, घोडा उठला आणि आपटला. खट्. त्या आवाजाने मला इतके दचकायला झाले की मेथी आणायची राहिली, आणि त्याबद्दल रात्री जे ऐकावे लागले ते इथे लिहिण्याचे कारण नाही.

पुढच्या आठवड्यात नवरात्र होते. मी पिस्तूल घेऊन गावी गेलो. आई अजून तिथेच राहते. एकटी म्हणायचे, पण तात्यांची सून सकाळी चहा घेऊन येते, दुपारी भाकरी तिच्याकडूनच येते आणि तात्यांचा नातू रात्री आईच्या ओसरीवर अभ्यास करून तिथेच झोपतो. मी पोचलो तेव्हा तो पोरगा तिच्या सुईत दोरा ओवून देत होता. त्याला मी बाहेर पाठवले.

"दुरुस्त झालं," मी म्हणालो.

आई काही बोलली नाही. गोधडीचा टाका घालत राहिली.

"आत तांदूळ निघाला. चांदणीखाली. कुंकू, हळद, सगळं साठलेलं."

"निघंल की. वाहिलंय तर असंलच."

"कधीपासनं वाहत होतीस आत?"

तिने टाका संपवला, दोरा दाताने तोडला. "दुष्काळाच्या साली. नवमीला हे बाजाराला अडकले हुते. मग मीच केली पूजा."

"तुला उघडता येत होतं?"

"सहा वर्सं बघत नव्हते व्हय?"

"आणि आबांनी उघडून धरलेलं असायचं, ते?"

"ते म्होरल्या सालापासनं. आपणहून धरायला लागले. मी म्हणाले नव्हते."

१९७२ ची नवमी म्हणजे विहिरीवरच्या त्या दुपारीच्या सहा-सात महिने आधी. मी बोटांवर महिने मोजले. आई बघत होती.

"पाळीचं भांडण तेव्हा सुरू झालं होतं का गं?"

"भांडण तर श्रावणापासनं हुतं की."

बाहेर तात्यांच्या नातवाने सायकलची घंटी वाजवली. मला पुढचे विचारायचे होते आणि विचारवत नव्हते. शेवटी विचारलेच. "आबांनी त्या दिवशी चाप ओढला होता का?"

"मला काय ठावं? मी इहिरीवर नव्हते." तिने दुसरी चिंधी मांडीवर घेतली, सुरकुत्या हाताने सारख्या केल्या. बऱ्याच वेळाने म्हणाली, "माघारी येऊन वसरीला बसले. पाणी दिलं तर तांब्या धरवंना त्यांच्या हाताला. मीच पाजलं."

मग तिने चहा टाकायला सांगितले.

नवमीला सकाळी तिने पाट मांडला. फाळ, विळे, कोयता मांडले. बटाट्याचा व्यापार केव्हाच बंद झाला आहे, पण तागडी आणि वजने अजून आहेत. तात्यांच्या सुनेने त्यांच्या घरची हत्यारेही आणून ठेवली, कारण आता दोन्ही घरची पूजा एकाच पाटावर होते. नातवाने आपला मोबाईल ठेवला आणि 'यानेच पोट भरणार आहे माझं' असे वर सांगितले. मी पिस्तूल फडक्यातून काढून शेवटी ठेवले. दुकानदारांनी यंत्राच्या तेलाची छोटी बाटली बरोबर दिली होती आणि बजावून सांगितले होते, की यापुढे दुसरे काही लावायचे नाही. ती बाटली मी आईपुढे सरकवली.

आईने ती उचलून बघितली, बाजूला ठेवली आणि करडईच्या तेलाच्या वाटीत बोट बुडवले.

"उघड जरा," ती म्हणाली.

मी खटका दाबून पिस्तूल मोडले, सहाही भोकांतून उजेड बघितला आणि दोन्ही हातांत तिच्यापुढे धरले.